गाडीत रोल धुताना: अंधार सोपा, उकाडा अवघड

मारुती ईकोसारख्या छोट्या गाडीत ब्लॅक अँड व्हाइट फिल्मचा रोल धुवायला, म्हणजे रसायनांनी त्यावर चित्र उमटवायला, डार्करूम लागत नाही. फिल्म रिळावर चढवून टँकचं झाकण लागेपर्यंतच अंधार हवा, आणि तेवढा चेंजिंग बॅगेत (हात घालायला बाह्या असलेल्या काळ्या पिशवीत) मिळतो. ठाणे-नवी मुंबईत खरी अडचण तापमानाची. फिल्मच्या डब्यावरच्या वेळा २० अंशांच्या असतात. इथे मे महिन्यात कॅनमधलं पाणी सहज तिशीला पोचतं. २० चा हट्ट सोडा. २४ वर काम करा, पण मग डेव्हलपरपासून (चित्र उमटवणाऱ्या रसायनापासून) शेवटच्या धुण्यापर्यंत सगळंच २४ वर. मध्येच पाचसहा अंशांचा झटका बसला तर इमल्शनला, म्हणजे फिल्मवरच्या चित्र धरणाऱ्या थराला, सुरकुत्या पडू शकतात.

एका टबात ५ लिटर पाणी घ्या, त्यात रसायनांच्या आणि धुण्याच्या पाण्याच्या मिळून २ लिटर बाटल्या उभ्या करा. एवढं सगळं ३० वरून २४ वर आणायला साधारण ४०० ग्रॅम बर्फ लागतो. बर्फ टबात जातो, बाटलीत नाही, त्यामुळे रसवंतीवरचा किंवा मासळी बाजारातलाही चालतो. थर्मामीटर मात्र बाटलीच्या आत बुडवून बघा. टब आधी गार होतो, बाटली मागाहून.

फिल्म चढवणं भर पावसाळ्यात जड जातं. हात घामेजतात, बॅगेतली हवा दमट होते आणि प्लॅस्टिकच्या रिळात फिल्म निम्म्यावर अडकते. आधी दहा मिनिटं एसी लावा, हात पुसा, रीळ ठणठणीत कोरडं असू द्या. तरी अडकलीच तर ओढाताण नको: घडी पडली की निगेटिव्हवर चंद्रकोरीसारखे डाग उठतात. रीळ आणि फिल्म टँकमध्ये टाका, मधली नळी बसवा, झाकण फिरवा, मग हात बाहेर काढून कोरडे करा. नळी विसरलात तर झाकण लावूनही आत उजेड जातो, म्हणून बॅगेत काय काय टाकलं ते मोजूनच चेन लावा.

प्रवासात डेव्हलपर रोडिनालच बरा: बाटली वर्षानुवर्षं टिकते आणि लागतो थेंबभर. पॅटरसन कंपनीच्या टँकमध्ये ३५ मिमीच्या एका रोलला २९० मिली लागतं, ३०० धरा. सिरिंजने ६ मिली रोडिनाल, त्यात २९४ मिली पाणी. इलफर्डची एचपी५ प्लस फिल्म ४०० आयएसओवर काढली असेल तर २० अंशांना ११ मिनिटं, २४ ला साधारण पावणेआठ. पहिल्या दहा सेकंदांत टँक चारदा उलटासुलटा करा, बुडबुडे सुटावेत म्हणून बुड आपटा, पुढे दर मिनिटाला चारदा. मधल्या वेळात टँक टबातच. हातात धरून बसलात तर तळहाताच्या उबेने तो तापतो. चालत्या गाडीत हे अजिबात करू नका. सतत हिंदकळल्याने कॉन्ट्रास्ट वाढतो आणि फिल्मच्या कडेच्या भोकांलगत पट्टे उमटतात.

डेव्हलपर ओतून द्यायचा, पुन्हा वापरायचा नाही. स्टॉपला (डेव्हलपरचं काम थांबवायला) किराणा दुकानातलं सायट्रिक ॲसिड ३०० मिली पाण्यात छोटा चमचाभर. अर्धं मिनिट पुरतं. मग रॅपिड फिक्सर (चित्र पक्कं करणारं रसायन), ६० मिलीत २४० मिली पाणी, ३ ते ५ मिनिटं. फिल्मचा कापलेला शेंडा आधी फिक्सरमध्ये टाकून किती वेळात पारदर्शक होतो ते पाहा. त्याच्या दुप्पट वेळ द्या. ताज्या फिक्सरला लागायचा त्याच्या दुप्पट वेळ शेंड्याला लागू लागला की तो फिक्सर संपला. फिल्म दुधाळ दिसली तर घाबरायचं कारण नाही, परत फिक्सरमध्ये घाला.

धुवायला वाहता नळ नको. टँक भरून पाच वेळा उलटा, ओता. भरून दहा वेळा, ओता. मग वीस वेळा. ९०० मिलीत काम होतं. शेवटचं पाणी मात्र डिस्टिल्ड, बॅटरीत घालतात ते, आणि त्यात दीड मिली फोटो-फ्लो, म्हणजे थेंबांचे डाग पडू नयेत म्हणून घालायचं द्रावण. बोअरवेलच्या पाण्याचे डाग वाळल्यावर सहज निघत नाहीत.

३६ फोटोंचा रोल सुमारे १.६ मीटर, गाडीची आतली उंची त्याहून कमी. म्हणून मागच्या दाराच्या वरच्या कोपऱ्यापासून पुढच्या सीटच्या पायापर्यंत तिरका ताणा, किंचित कलता, म्हणजे थेंब चित्रावरून न ओघळता भोकांच्या कडेला जातात. काचा बंद. घोडबंदर रस्त्याची धूळ ओल्या इमल्शनवर बसली की कायमची.

रोल कोरा निघाला तर कडेचे आकडे पाहा. आकडे आहेत, चित्र नाही: कॅमेऱ्यात फिल्म सरकलीच नव्हती. आकडेही नाहीत: डेव्हलपर मेलेला होता, किंवा फिक्सर आधी ओतला गेला.

वापरलेल्या फिक्सरमध्ये चांदी विरघळलेली असते. खाडीकाठी गाडी लावलीत म्हणून तो खाडीत ओतायचा नाही. ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे. कॅनमध्ये साठवा, एक्स-रे सेंटरमधला जुना हायपो (वापरलेला फिक्सर) विकत घेणारे तोही नेतात. कॅनवर ठळक अक्षरांत ‘हायपो’ लिहा आणि तो सीटखाली, पिण्याच्या पाण्यापासून लांब ठेवा. रंगाने दोन्ही सारखेच दिसतात.