गुरुत्वाकर्षणाची गणितं सोडवताना एककांच्या या चुका टाळा

दहावीच्या मुलांना गुरुत्वाकर्षणाची सूत्रं तोंडपाठ असतात, तरी गणित चुकतं. वही पाहिली की चूक बहुधा एककातच सापडते.

सगळ्यात जुना गोंधळ वस्तुमान आणि वजनाचा. ‘माझं वजन 50 किलो’ हे बोलण्यात ठीक, पेपरात नाही. 50 किलोग्रॅम हे वस्तुमान झालं. वजन म्हणजे पृथ्वी ज्या बलाने आपल्याला ओढते ते, म्हणून ते न्यूटनमध्येच लिहायचं: 50 × 9.8 = 490 न्यूटन. चंद्रावर वस्तुमान तेवढंच राहतं, वजन मात्र 81 न्यूटनच्या आसपास भरतं.

स्मॉल जी आणि कॅपिटल जी यांचीही अदलाबदल होते. स्मॉल जी हे त्वरण आहे, मीटर प्रति सेकंद वर्ग. ते विषुववृत्तावर साधारण 9.78, तर ध्रुवांवर 9.83 असतं. कॅपिटल जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाचा वैश्विक स्थिरांक, तो मात्र सगळीकडे एकच, 6.67 × 10⁻¹¹ न्यूटन मीटर² प्रति किलोग्रॅम².

खरे मार्क जातात ते त्रिज्येत. पृथ्वीची त्रिज्या 6400 किलोमीटर दिलेली असते आणि मुलं तोच आकडा g = GM/R² या सूत्रात टाकतात. आधी मीटर करा: 6.4 × 10⁶. पृथ्वीचं वस्तुमान 6 × 10²⁴ किलोग्रॅम घेतलं की त्वरण 9.77 येतं. किलोमीटर तसेच ठेवले, तर त्रिज्येचा वर्ग होत असल्याने उत्तर हजारपट नव्हे, दहा लाख पट फुगतं! उपग्रहाच्या गणितात उंची त्रिज्येत मिळवायची, तीही मीटर करूनच.

ही फक्त शाळकरी चूक नाही. सप्टेंबर 1999 मध्ये नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर मंगळाजवळ पोचून नष्ट झालं. एका सॉफ्टवेअरने इंजिनांच्या धक्क्याचे आकडे पाउंड-बल सेकंदात दिले होते, दुसरीकडे ते न्यूटन-सेकंद समजून वापरले गेले. फरक सुमारे 4.45 पट.

म्हणून प्रत्येक पायरीला आकड्याशेजारी एकक लिहाच. उत्तर पुस्तकाशी जुळलं नाही, तर किती पटीने चुकलंय ते बघा. 9.8 पट असेल तर वजन आणि वस्तुमानाची गल्लत, हजार पट असेल तर ग्रॅमचे किलोग्रॅम करायचे राहिले, दहा लाख पट असेल तर किलोमीटर, आणि नेमका एक लाखाचा फरक असेल तर डाईन (बलाचं छोटं एकक) आणि न्यूटन यांची गल्लत.