बोट शाकारण्याआधी डिझेलच्या सांध्यांकडे बघा

१ जूनला मासेमारीबंदी लागली की आमच्या रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात जाळी उतरवायची आणि बोटी ओढायची एकच घाई. डिझेल लाइनकडे बघायला कुणाला सवड नसते. मग दोन महिने खारी दमट हवा खाल्लेला निपल, म्हणजे नळ्या जोडणारा छोटा तुकडा, ऑगस्टमध्ये भर समुद्रात हवा ओढायला लागतो आणि इंजिन बसतं. नाखवांनो, हे काम शाकारणीआधीच, म्हणजे बोट पावसाळ्यासाठी झाकण्याआधीच उरका.

आधी बॅटरी सोडवा, इंजिन गार होऊ द्या, विडीकाडी लांब ठेवा. टाकीचा ड्रेन कॉक उघडून काचेच्या बाटलीत डिझेल घ्या आणि रात्रभर हलवू नका. पाणी असेल तर सकाळी तळाला बसलेलं दिसेल. पाणी आणि डिझेलच्या मध्ये काळपट, बुळबुळीत थर असेल तर ते जिवाणू-बुरशीचं काम. त्यांनी तयार केलेलं आम्ल धातू आतून खातं. स्वच्छ डिझेल येईपर्यंत काढत राहा. मग वर थोडी जागा सोडून टाकी भरून ठेवा. पैसे अडकतात, कबूल. पण अर्ध्या टाकीतल्या हवेतल्या बाष्पाचंच पाणी होतं.

आता पितळी निपल. वरच्या हिरव्या कळंकाने घाबरू नका. चाकूच्या टोकाने हलकं खरवडा. खाली पिवळं लखलखीत निघालं तर ठीक. तांबूस-गुलाबी निघालं तर पितळातलं जस्त गेलंय. असा निपल पाना लावला की बिस्किटासारखा तुटतो, तो बदलायचाच. बदलताना स्वस्त म्हणून गॅल्व्हनाइज्ड (जस्ताचा मुलामा दिलेला) एल्बो, म्हणजे कोपरासारखा जोड घेऊ नका, त्याचं जस्त डिझेलमध्ये उतरून इंजिनात डिझेल फवारणाऱ्या नोझलपर्यंत पोचतं.

रबरी नळी आवळणाऱ्या होज क्लिपच्या स्क्रूला लोहचुंबक लावा. पट्टी स्टेनलेसची आणि स्क्रू साध्या लोखंडाचा, असा माल बाजारात भरपूर आहे. स्क्रू चुंबकाला घट्ट चिकटला तर क्लिप काढून टाका.

सांधे गोड्या पाण्याने आणि नायलॉनच्या ब्रशने धुवा. लोखंडी तारेचा ब्रश नको, त्याचे कण रुततात आणि तिथेच गंज धरतो. पूर्ण वाळलं की बाहेरून मरीन ग्रीसचा पातळ हात द्या. चिकटपट्टी गुंडाळायची सवय मात्र सोडा, तिच्याखाली खारं पाणी अडकून राहतं. उघडलेल्या बँजो बोल्टला (डिझेल आतून जाणाऱ्या पोकळ बोल्टला) तांब्याचे नवे वायसर घाला. टेफ्लॉन टेप टाळा, तिचे तुकडे फिल्टरमध्ये जातात.

शेवटी हातपंप मारून लाइन भरा, हवा काढा आणि प्रत्येक सांध्याखाली कोरडा कागद ठेवा. कागदावर डाग उठला तर सांधा नुसता आवळू नका, उघडून बघा.