डॉकवरून माशांचे परजीवी कोपेपॉड आणायला निघण्याआधी

कोपेपॉड म्हणजे खेकडा-कोळंबीच्या नात्यातले बारीक प्राणी; त्यातले परजीवी माशांच्या कातडीवर, कल्ल्यांत राहतात. ते गोळा करायचे तर सगळ्यात आधी पिशव्या. जाड, पारदर्शक, झिपच्या मिळाल्या तर उत्तम, आणि जेवढे मासे घ्यायचे त्याच्या दुप्पट. एका पिशवीत एकच मासा. मागच्या खेपेला पिशव्या राहिल्या आणि हलवा, बांगडे, सुरमई एकाच थर्माकोलच्या खोक्यातून आले. तळाच्या पाण्यात अंड्यांच्या माळा लोंबणाऱ्या कॅलिगस नावाच्या कोपेपॉडच्या सुंदर माद्या निघाल्या, पण त्या कुठल्या माशाच्या हे आता कुणालाच सांगता येणार नाही. जात ओळखता येईल, यजमान कळणार नाही. यजमानाशिवाय परजीवीची नोंद म्हणजे अर्धी नोंद.

कॅलिगस जागेवर बसून राहत नाही. चपटा, काही मिलिमीटरचा, कातडीला चिकटून सरकत फिरणारा प्राणी. मासा मेला की तो निघतो, शेजारच्या माशावर जातो किंवा बर्फाच्या पाण्याबरोबर वाहून जातो. लिलावाच्या पाटीत ही सरमिसळ थोडीफार झालेलीच असते, तिला इलाज नाही. आपण त्यात भर घालायची नाही. रॉयल नेव्हीतले डॉक्टर बॅसेट-स्मिथ यांनी 1898 मध्ये मुंबईच्या माशांवरच्या नव्या जातींची वर्णनं छापली, आणि कुठली जात कुठल्या माशावर हे त्यांनी लिहून ठेवलं म्हणून ती आजही ताडून बघता येतात. तेव्हा पिशव्या.

ससून डॉक किंवा भाऊचा धक्का, जिथे जाल तिथे उजाडायच्या आत. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना बंदी असते, त्या दिवसांत बाहेरगावचा बर्फातला माल येतो, त्याच्या नादी लागू नका. गमबूट, बर्फ, सुटे पैसे, हे काय सांगायचं. मावशींची भवानी व्हायच्या आत माशाचे कल्ले उचकू नका. आधी विकत घ्या, मग बघा. मोठी घोळ किंवा सुरमई परवडत नसेल तर कापणाऱ्या मावशींना आधीच सांगून ठेवा, "मावशी, कल्ले टाकू नका, कमानीसकट अख्खे द्या." ते कल्लेही स्वतंत्र पिशवीत. हो, कल्ल्यांनाही वेगळी पिशवी.

प्रत्येक पिशवीत जाड कागदाची चिठ्ठी, पेन्सिलीने लिहिलेली. बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये उडते. माशाचा एका बाजूने अख्खा फोटो घ्या, कारण बाजारातलं नाव पुरेसं नसतं; ढोमा म्हटलं की त्यात कितीतरी जाती येतात.

अल्कोहोल सोबत नेऊ नका. लोकलमध्ये ज्वलनशील पदार्थ न्यायला मनाई आहे. फॉर्मलीन तर मासळीबाजाराच्या आसपासही नको, मासळीला फॉर्मलीन लावताय असा लोकांना संशय येईल, आणि डीएनएचं कामही त्याने बिघडतं. मासे बर्फावर ठेवा, लगेजच्या डब्यातून आणा आणि त्याच दिवशी तपासा. उद्यावर टाकलंत तर कल्ल्यांचा लगदा होतो आणि त्यात काही दिसत नाही.

टेबलावर काळा ट्रे हवा, पांढऱ्यावर फिकट कोपेपॉड दिसतच नाहीत. मासा काढल्यावर पिशवी फेकू नका! आत समुद्राचं गाळलेलं पाणी घालून खळबळा, बारीक जाळीतून गाळा, जाळीवर राहिलेला बुळबुळीत थर ट्रेमध्ये पसरून भिंगाखाली बघा. कॅलिगस बहुतेक तिथेच भेटतो. पुढच्या टोकाला दोन अर्धगोल चकत्या दिसल्या तर कॅलिगस; चकत्या नसतील तर त्याचा भाऊबंद लेपिओफ्थायरस असू शकतो. मग कातडी, परांची मुळं, तोंडाची पोकळी, कल्ल्याच्या झाकणाची आतली बाजू. नाकपुड्या विसरू नका, बोमोलोकस गटातले तिथेही लपतात. लर्नँथ्रोपस कल्ल्याच्या पाकळ्यांना घट्ट मिठी मारून बसतो आणि रंगानेही त्यांच्यात मिसळतो, म्हणून एकेक कमान सुटी करून बघायची. लर्नीनिकसचं डोकं मांसात रुतलेलं असतं, ओढलंत तर मान तुटते आणि डोकं आतच राहतं. भोवतालचं मांस कापून काढा, घाई नको. बऱ्याच गटांत नर फार लहान असतात. कॉन्ड्राकँथस गटात तर ते मादीच्या अंगालाच चिकटलेले असतात, तेव्हा मादी धुताना जपून.

कोपेपॉड शिंपल्यांतही राहतात; तिसऱ्या, कालवं घेतली तर शिंपला उघडून आतलं पाणी गाळा. तेही एकेका शिंपल्याचं वेगळं. प्रवाळ आणि समुद्रकाकडीवरही कोपेपॉड असतात, पण त्यांना हात लावू नका, 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली त्यांना संरक्षण आहे.

वर्णनासाठी 70 टक्के इथेनॉल, डीएनएसाठी 95. एका माशाची एक बाटली, चिठ्ठी आत. लॅक्टिक आम्लात पारदर्शक करून, हम्स आणि गुडिंग यांची 1964 ची भोकाच्या लाकडी पट्टीची पद्धत (भोकाखालच्या काचेवर थेंबात नमुना ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली बघायची) वापरून पाय मोजा, चित्रं काढा. जात ताडायला भारतातल्या समुद्री माशांच्या परजीवी कोपेपॉडांवरचा पिल्लईंचा 1985 चा ग्रंथ आहे. काही काही जातींची नावं त्यानंतर बदलली आहेत, तेवढं बघून घ्या.