शहाबादच्या खाणीत समुद्र बघायला निघण्याआधी

नववीच्या मुलांना घेऊन उदगीरहून कर्नाटकात, कलबुर्गीजवळच्या शहाबादच्या खाणी बघायला जायचं ठरवलंत, तर गाडी सांगण्याआधी ओसरीवर एक बादली पाणी ओता. जुन्या घरातली, पॉलिश न केलेली शहाबादी फरशी धुवून काढा आणि ओली असतानाच गुडघ्यावर बसून बघा. निळसर करड्या दगडात बारीक रेघा दिसतील, कुठे फिकट गुलाबी पट्टा, कुठे करवतीच्या दात्यांसारखी काळपट रेघ. ही दातेरी रेघ म्हणजे तडा नव्हे. वरच्या थरांच्या ओझ्याखाली चुना विरघळून गेला आणि न विरघळणारी माती तेवढी तिथं उरली. हे मुलांना गावातच दाखवून ठेवा. खाणीतल्या धुळीत आणि यंत्रांच्या आवाजात नवी गोष्ट डोक्यात शिरत नाही.

पुढची तयारी स्वयंपाकघरातली. ओट्यावर लिंबू सांडलं की पांढुरका डाग पडतो, हे प्रत्येकाच्या आईला माहीत असतं. कडप्पा काय, शहाबादी काय, दोन्ही चुनखडीच, म्हणजे जुन्या समुद्राच्या तळाशी साचलेल्या चुन्याच्या चिखलाचा दगड. फरशीचा फुटका तुकडा खिळ्यानं खरवडून भुकटी काढा, वर लिंबू पिळा आणि भिंगातून बघा, बारीक बुडबुडे दिसतील. मग अंगणातल्या काळ्या दगडावर तेच करा. तिथं काही होत नाही, कारण आपला काळा दगड लाव्ह्याचा, सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा. मराठवाड्याचा बहुतेक भाग त्याच्याखाली झाकलेला आहे, म्हणून समुद्राचे खडक बघायला कर्नाटकात जायचं. तसा तो मुलूखही परका नाही. 1956 पर्यंत कलबुर्गी आणि आपण एकाच हैदराबाद राज्यात होतो, आणि खाणीवर आजही दखनी बोलून काम भागतं.

निघण्याच्या आठवडाभर आधी वर्गात एक काचेची बरणी ठेवा. त्यात नदीची वाळू, रानातली काळी माती आणि पाणी घालून जोरात हलवा. वाळू क्षणात तळाशी बसते, माती मात्र दुसऱ्या दिवसापर्यंत पाणी गढूळ ठेवते. मला सगळ्या तयारीत ही बरणी सर्वांत महत्त्वाची वाटते. जमिनीलगतच्या उथळ समुद्रात, म्हणजे भूखंडमंचावर, हीच वाटणी अंतरानं होते. लाटांच्या माऱ्यात किनाऱ्याशी वाळू राहते, शांत पाण्यात बारीक गाळ बसतो, आणि नदीचा गाळ फारसा पोचत नाही तिथं चुन्याचा चिखल साचतो. आता समुद्र हळूहळू जमिनीवर चढू लागला, तर काल जिथं वाळू होती तिथं आज गाळ येतो आणि पुढे चुना. भीमेच्या खोऱ्यात नेमकं हेच एकावर एक रचलेलं आहे: तळाशी जुना ग्रॅनाइट, त्यावर वालुकाश्म म्हणजे वाळूचा खडक आणि शेल म्हणजे बारीक गाळाचा खडक, त्यावर शहाबादची चुनखडी. खालून वर वाचत गेलं की समुद्र जमिनीवर कसा आला ते समजतं. वेळ असेल तर पुढे यादगीरपर्यंत जा. किल्ल्याच्या टेकडीवर तो तळचा ग्रॅनाइट उघडा आहे.

मुलं शंखशिंपले शोधणार, हे धरूनच चाला, आणि आधीच सांगा की ते मिळणार नाहीत. कवचाचे प्राणी साधारण 54 कोटी वर्षांपूर्वी पसरू लागले, हा समुद्र त्याहून जुना. फरशीवर नेच्याच्या पानासारखी काळी नक्षी दिसली तर ती वनस्पती नव्हे, फटीत झिरपलेल्या पाण्यानं सोडलेलं मँगनीज आहे. याच खोऱ्यातल्या शेलमध्ये मात्र चुआरिया नावाच्या जीवाचे काळे, गोल, काही मिलिमीटरचे ठसे सापडले आहेत. म्हणून प्रत्येकाच्या गळ्यात दहा पटींचं भिंग हवं.

जायचं ते डिसेंबर-जानेवारीत. पावसाळ्यानंतर खाणींत पाणी साचलेलं असतं. मी पहिल्यांदा एप्रिलमध्ये भरदुपारी मुलांना नेलं होतं. डोक्यावरच्या उन्हात सगळा दगड पांढरा आणि सपाट दिसला, एकही खूण सापडली नाही, आणि मुलं हिरमुसून परतली. ते अजून मनाला लागतं. सकाळी सातला तिथं पोचा. तिरप्या उन्हात थरांच्या कडा आणि वालुकाश्मावरच्या लहरी सावलीनं उठून दिसतात. लहरीच्या दोन्ही बाजू सारख्या असतील तर लाटांचं पाणी, एक बाजू उभी आणि दुसरी पसरट असेल तर वाहतं पाणी.

खाणमालकाची परवानगी आधी घ्या, बंद बूट आणि हेल्मेट सक्तीचे करा, कड्याच्या काठावर कुणाला उभं राहू देऊ नका. हातोडा नेऊ नका, कपरीचा ढीग हवा तेवढा असतो. कामगार पहारीनं लादी उचलतात तेव्हा मुलांना सुरक्षित अंतरावर थांबवून ती कुठून सुटते ते बघायला सांगा. दोन चुनथरांमधल्या पातळ मातीवरून ती अलगद निघते.

जुनी वर्तमानपत्रं, दोरा आणि पक्क्या शाईचा पेन पिशवीत असू द्या. मालकाला विचारून घेतलेला तुकडा लादीवरून सुटतानाच, हातात फिरवण्याआधी, त्याच्या वरच्या बाजूवर बाण काढा, खाली जागा आणि तारीख लिहा, मगच गुंडाळा.