ईसीयू रीसेट केल्यावर गाडी ओढत नाही? या चुका टाळा

चेक इंजिनचा दिवा लागला की हल्ली प्रत्येकाकडे एक रामबाण उपाय तयार असतो. दहा नंबरचा पाना घ्यायचा, बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढायचं, चहा होईपर्यंत थांबायचं आणि परत लावायचं. दिवा जातो. मग पुढच्या फेरीत कळतं की खंबाटकी घाट तिसऱ्या गिअरवर चढणारी गाडी आता दुसरा मागतेय.

या रीसेटनेच गाडी बिघडली, असा समज मग पक्का होतो. बिघाड बहुतेक वेळा आधीपासूनच असतो. ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा कंप्युटर, आतल्या आत पेट्रोल कमी-जास्त करून तो झाकून नेत असतो आणि आपण त्याची हिशेबाची वहीच कोरी केलेली असते.

कोड न वाचता रीसेट मारणे

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. दिवा लागला त्या क्षणी इंजिन किती तापलं होतं, किती आरपीएमवर होतं, लोड किती होता, याची नोंद बिघाडाच्या कोडसोबत ईसीयूत साठवलेली असते. तिला फ्रीज फ्रेम म्हणतात. रीसेटमध्ये कोडही जातो आणि ही नोंदही. नंतर मेकॅनिककडे गेलात तर तो बिचारा अंदाजानेच हात घालणार. साधा ब्लूटूथ स्कॅनर लावून मोबाइलवर दिसणाऱ्या स्क्रीनचा फोटो काढून ठेवा, मग हवं ते करा.

पहिल्या पाच किलोमीटरवरून निकाल लावणे

रीसेटनंतर ईसीयूला आयडलिंगची (एक्सलरेटर न दाबता इंजिन चालू असतानाची) हवा, थ्रॉटलची (इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेची) बंद स्थिती आणि पेट्रोलची दुरुस्ती नव्याने शिकावी लागते. थोडे दिवस पिकअप मंद वाटणं, सिग्नलला आरपीएम खालीवर होणं चालतं. एसी आणि दिवे बंद ठेवून गाडी चालू करा, एक्सलरेटरला पाय लावू नका आणि रेडिएटरचा पंखा एकदा फिरेपर्यंत थांबा. मग एसी लावून आणखी काही मिनिटं. त्यानंतर शहर आणि हायवे अशी मिसळ चालवा. काही मॉडेलना थ्रॉटलची शिकवणी स्कॅनरनेच द्यावी लागते, विशेषतः थ्रॉटल बॉडी साफ केली असेल तर. ते मॅन्युअलमध्ये पाहा. शंभरेक किलोमीटरनंतरही सुस्ती तशीच असेल तर "शिकतेय अजून" म्हणणं सोडा. आणि कंटाळून पुन्हा रीसेट तर मुळीच नको, सगळी शिकवणी पहिल्यापासून सुरू होते.

आकडे न पाहता सेन्सर बदलणे

पी०१७१ हा कोड आला, म्हणजे मिश्रण पातळ झालं (हवेच्या मानाने पेट्रोल कमी), म्हणून थेट ऑक्सिजन सेन्सर बदलणारे मी बरेच पाहिलेत. सेन्सर बिचारा खरं तेच सांगत असतो. पेट्रोल गाडीत स्कॅनरवर फ्युएल ट्रिम बघा, म्हणजे ईसीयू पेट्रोल किती टक्के वाढवतोय किंवा कमी करतोय तो आकडा. शॉर्ट टर्म (त्या क्षणाची) आणि लाँग टर्म (शिकून साठवलेली) यांची बेरीज उणे-अधिक दहा टक्क्यांच्या आत असली तर ठीक. आयडलला ती अधिक वीसवर आणि २,५०० आरपीएमला खाली येत असेल, तर कुठून तरी चोरटी हवा शिरतेय. उलट, आरपीएम आणि लोडसोबत ती वाढत असेल तर इंधन कमी पडतंय किंवा हवा मोजणारा मॅफ सेन्सर मळलाय.

माझ्या जुन्या हॅचबॅकला आयडलला अधिक अठरा दिसत होतं. इनटेकवरची (इंजिनात हवा नेणाऱ्या भागावरची) एक रबरी नळी मागच्या बाजूने तडकली होती. वरून पाहिलं तर ठणठणीत! दोन वेळा रीसेट करून, एक एअर फिल्टर उगाच बदलून मग ती सापडली.

जुन्या गाडीत ई२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) भरत असाल तर ट्रिम थोडी अधिकच दिसणार. निव्वळ पेट्रोलच्या एका भागाला वजनाने १४.७ भाग हवा लागते, ई२० ला साधारण साडेतेरा. म्हणजे तेवढ्याच हवेला इंधन जास्त लागतं. हा फरक ईसीयूने शिकून ठेवलेला असतो. बऱ्याच गाड्यांत एक्सलरेटर पूर्ण दाबला की ऑक्सिजन सेन्सरचं न ऐकता या शिकलेल्या आकड्यावरच पेट्रोल सोडलं जातं. म्हणून रीसेटनंतर ओव्हरटेकला गाडी पहिल्यापेक्षा ढिली वाटू शकते.

हाताने लावलेलं हाताने न तपासणे

रीसेटच्या निमित्ताने एअर बॉक्स उघडला होता का? मॅफचा प्लग नीट टिचकी वाजवून बसलाय का? इनटेक पाइपचा क्लॅम्प आवळलाय का? टर्मिनल हाताने हलतंय का? बंद गाडीच्या चांगल्या बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसायला हवं. यात काही सापडलं तर खर्च शून्य.

सगळा दोष इंजिनवर टाकणे

ट्रिम नीट, कोड नाही, तरी ताकद नाही? आरपीएम चढतोय पण वेग चढत नाही, तर क्लच घसरतोय. आरपीएमच एका मर्यादेपुढे जात नाही, तर सायलेन्सरमधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तुंबला असेल. आणि सपाट, मोकळ्या रस्त्यावर न्यूट्रलला सोडल्यावर गाडी लवकर थांबत असेल तर उतरून चाकांजवळ हात न्या. रिमला लावू नका, चटका बसेल. एकच चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलेलं असेल तर तिथला ब्रेक चिकटलाय, त्यात ईसीयूचा काही संबंध नाही.