शोकाची पटकथा: आधी गेलेलं माणूस लिहा

माझ्याकडे वाचायला येणाऱ्या संहितांमध्ये एक तरुण मुलगी हमखास असते. तिचं कुणीतरी गेलेलं असतं, ती खिडकीत बसते आणि चाळिसाव्या पानापर्यंत तिथून हलत नाही. तिला उठवा. कसं, ते सांगते.

नायिकेच्या आधी गेलेलं माणूस लिहून काढा. पानभर पुरे, पण त्यात त्याची उधारी, थापा, घोरणं, अर्धवट राहिलेलं भांडण सगळं आलं पाहिजे. मेल्यावर माणूस देव होतो हे घरात चालतं, संहितेत चालत नाही. देवमाणसाच्या जाण्याने प्रेक्षक हळहळतो आणि दहा मिनिटांत विसरतो. हे पान पडद्यावर आणायचं नाही, फ्लॅशबॅकमध्ये तर नाहीच.

आता नायिकेला एखादं क्षुल्लक काम द्या. समजा, रेवा, वय 26. मोठा भाऊ गेलाय. चष्म्याच्या दुकानातून फोन येतो, चष्मा तयार आहे. ती आणायला जाते. काउंटरवरचा माणूस म्हणतो, "बसा, फिटिंग बघू." तिने सांगायला हवं की चष्मा भावाचा आहे. ती बसते. तो चष्मा तिच्या नाकावर ठेवतो, काढतो, काडी गरम करून जरा वाकवतो, परत घालतो. "कानामागे टोचतंय का?" "नाही." "नीट दिसतंय ना?" समोरची अक्षरं पार विरघळलेली. "हो, छान दिसतंय."

प्रसंग इथेच तोडा. भाऊ गेल्याचं कुणी उच्चारलं नाही, तरी प्रेक्षकाला कळलं. शिवाय ती खोटं बोलली, आणि व्यक्तिकेंद्री सिनेमात कथानक अशाच ठिकाणी सुरू होतं. आता ती तो चष्मा लावणार. डोकं दुखणार, ऑफिसात आकडे चुकणार, बसचा नंबर दिसणार नाही. आणि कधीतरी आई तिला त्या चष्म्यात बघणार. हा प्रसंग मी मध्यंतराच्या आसपास ठेवेन आणि आईला एकही वाक्य देणार नाही.

शोकाच्या पाच पायऱ्यांवर पटकथा बेतू नका. नकार पहिल्या अंकात, राग मध्यंतराला, स्वीकार शेवटी, असा तक्ता अनेकांनी भिंतीला चिकटवलेला असतो. मनोविकारतज्ज्ञ एलिझाबेथ कुबलर-रॉस यांनी 1969मध्ये हे टप्पे मांडले ते मरणासन्न रुग्णांशी बोलून, मागे राहिलेल्यांवरून नव्हे. पटकथेला त्याहून उपयोगी मांडणी मानसशास्त्रज्ञ मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शूट यांची, 1999ची: माणूस गमावलेल्याकडे आणि पुढच्या आयुष्याकडे आलटून पालटून झुलत राहतो. म्हणून चष्म्याच्या प्रसंगाला लागूनच रेवा मैत्रिणीच्या साखरपुड्यात मनापासून नाचताना दिसू दे. खुलासा करू नका.

"तिच्या डोळ्यांत अथांग वेदना" हे वाक्य दिसलं की मी खोडते. अभिनेत्रीने त्याचं करायचं काय? रशियन दिग्दर्शक कुलेशोव्हने 1920च्या सुमारास नट मोझुखिनचा एकच निर्विकार चेहरा सूप, शवपेटी आणि बाई यांच्या दृश्यांना जोडला. प्रेक्षकांना त्यात भूक, दुःख, वासना दिसली म्हणतात. तेव्हा ती कशाकडे बघते ते लिहा, चेहऱ्याचं प्रेक्षक बघून घेतील.

एक पान म्हणजे साधारण एक मिनिट, हा ढोबळ हिशेब धरला तर हॉस्पिटलची बारा पानं म्हणजे बारा मिनिटं. मृत्यू पहिल्या पानाआधीच उरकलेला बरा. पार्श्वसंगीताच्या सूचना तर लिहूच नका.

सांत्वनाला येणाऱ्यांना त्यांची स्वतःची गरज द्या. भावाचा मित्र दार उघडल्यावर आधी डोळे पुसतो, मग हळूच विचारतो, "माझा ट्रायपॉड त्याच्याकडे होता..." हसू येतं, आणि तो खराही वाटतो.

ड्राफ्ट झाला की तिच्या रडण्याच्या सगळ्या जागा पेन्सिलीने घेरा. एक ठेवा, बाकी कापा. ठेवायची ती भलत्याच कारणाची निवडा: बस सुटली, पावती सापडेना, कुलपात किल्ली फिरेना. फोटोसमोर रडणं कुणीही लिहील.