घाटात हीट होणाऱ्या गाडीचं दुखणं रेडिएटरच्या पाण्यात

न्हावा शेव्याहून भरलेला कंटेनर घेऊन निघालेली गाडी खोपोलीपर्यंत सुरळीत जाते आणि बोर घाटाच्या चढावर काटा लाल पट्ट्यात शिरतो. शिव्या घाटाला बसतात. खरं कारण बहुतेकदा क्लीनरच्या हातातली, रेडिएटरमध्ये रिकामी होणारी पाण्याची बाटली असते.

टँकरच्या किंवा बोअरच्या पाण्यातले क्षार लायनरच्या, म्हणजे पिस्टन ज्यात खालीवर होतो त्या नळकांड्याच्या, बाहेरून थर धरतात, मग उष्णता बाहेर निघत नाही. शिवाय दर बाटलीगणिक कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं द्रव, पातळ होत जातं. इंजिन चालू असताना लायनर थरथरतो, त्याच्या अंगावर बारीक बुडबुडे फुटतात आणि धातूला टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडतात. हे थोपवणारं रसायन कूलंटमध्ये असतं. ते संपलं की एखादा खड्डा आरपार जातो आणि पाणी ऑइलमध्ये उतरतं. ऑइल दुधाळ दिसलं की काम इंजिन खोलण्यावर गेलं म्हणायचं.

म्हणून ५०:५०. सिस्टिम ४० लिटरची असेल तर २० लिटर कूलंट आणि २० लिटर डिस्टिल्ड पाणी. तयार मिश्रणाचा कॅन असेल तर वर थेंबभरही पाणी नको. रंग बघून कूलंट घेऊ नका, गाडीच्या पुस्तकातला ग्रेड बघा. भरताना सावकाश ओता, हवा काढायचा स्क्रू सैल ठेवा. इंजिन गरम होऊन गार झालं की पातळी पुन्हा बघा.

रेडिएटरच्या कॅपकडे कुणी बघत नाही. एक बारचा दाब धरणाऱ्या कॅपखाली साधं पाणीसुद्धा साधारण १२० अंशांपर्यंत उकळत नाही. रबर चिरलं की १०० लाच उकळून बाहेर. कॅप फक्त थंड इंजिनवर उघडायची.

थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी तापलं की रेडिएटरकडे वाट उघडणारी झडप, काढून टाकणं हा तर गॅरेजचा आवडता उद्योग. बऱ्याच इंजिनांत त्यामुळे बायपास उघडाच राहतो आणि पाणी रेडिएटर टाळून फिरतं. त्याऐवजी थर्मोस्टॅट गरम पाण्यात टाकून तपासा. त्यावर कोरलेल्या अंशाच्या आसपास उघडला नाही तर बदला.

वॉटर बॉडीच्या (पाणी फिरवणाऱ्या पंपाच्या) खालच्या भोकापाशी ओघळाचा डाग दिसला तर सील गेलं. पावसाळ्यानंतर इंटरकूलर (टर्बोची हवा गार करणारी जाळी) आणि रेडिएटरच्या मधला चिखल पंख्याच्या बाजूने पुढे पाणी मारून काढा, प्रेशर गन मात्र लांब धरा, नाहीतर जाळी आडवी होते.

एवढं करूनही कूलंट घटतंय, गळती कुठेच नाही आणि इंजिन चालू असताना कूलंटच्या टाकीत सतत बुडबुडे येतात? मग हेड गॅसकेट, म्हणजे इंजिनचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं सील, गेलं. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतलंत तर हेडलाही तडा जाईल.